वरून चकाचक, खाली मीठ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बडोद्याहून वीकेंडला जाण्यासारख्या समुद्रकिनाऱ्यांवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण त्यातल्या एका फोटोत फोर बाय फोर गाड्या अर्धं चाक बुडेल इतक्या पाण्यात उभ्या दिसल्या म्हणून लिहितोय. किनाऱ्यावर गाडी न्यावी का हा वेगळा विषय, बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, आणि २०२४च्या जूनमध्ये कच्छात मुंद्र्याजवळ रीलच्या नादात दोन गाड्या समुद्रात अडकल्या, पोलीस केस झाली, ते सगळ्यांनी बघितलंच असेल. माझं म्हणणं पुढचं आहे. जिथे चालतं तिथे नेलीत समजा, घरी आल्यावर काय करता?

आमच्या दांडिया बाजारात तरी ठरलेलं आहे. सोमवारी गाडी वॉशिंगला, फोम, शॅम्पू, टायरला पॉलिश, आणि तिथला पोरगा म्हणणार "काका, एकदम चकाचक!" होतेही चकाचक, वरून. खाली वाकून कोण बघतंय?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळतं, मीठ तिथेच राहतं. उन्हाळ्यात ते गप्प बसतं म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही, पण हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून आपोआप ओलं होतं, पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं होतं ना, तेच. म्हणजे मे महिन्यात वलसाडजवळच्या तिथल बीचवर गेलेली गाडी जुलैत बडोद्यात उभ्या उभ्या गंजते.

थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, बोलेरो या सगळ्या चॅसिसवाल्या गाड्या, म्हणजे बॉडीखाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या. चॅसिसचे लांब बीम आतून पोकळ असतात, पाणी निघायला खाली भोकं असतात, आणि त्या भोकांत ओली वाळू बसली की आतलं खारं पाणी आतच. वरून कितीही फोम मारा, तिथे पोचत नाही. साधा नळाचा पाइप घ्या, एका भोकातून पाणी सोडा आणि दुसऱ्या भोकाकडे बघत बसा, आधी करडी वाळू पडते, मग गढूळ पाणी, मग कुठे स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत नळ बंद करायचा नाही. बाकी खालच्या भागासाठी बागेतला स्प्रिंकलर गाडीखाली सरकवून ठेवला तरी मस्त काम होतं, थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायची फक्त. पाणी गोडं पाहिजे, बोअरचं खारट असेल तर काय उपयोग! आणि शक्यतो घरी यायची वाट न बघता हायवेवरच पहिलं पाणी मारून घ्या (वाळूसाठी टायरची हवा कमी केली असेल तर ती भरल्याशिवाय हायवेला लागू नका, हे वेगळं सांगायला नको).

प्रेशर जेट जपून. रेडिएटरच्या पातळ पत्र्या वाकतात, ऑइल सील आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी घुसतं. मागचे ब्रेक ड्रमचे असतील तर उघडून वाळू काढून घ्या, नाहीतर खरखर ऐकत बसा. चाकं खोल पाण्यात गेली असतील तर डिफरन्शियलचं (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल नक्की बघा, तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या वाटेतून, पाणी आत ओढतो. ऑइल दुधाळ दिसलं की बदलायचंच, पुढच्या सर्व्हिसला बघू असं नाही.

सगळ्यात राग येतो तो "अँटीरस्ट कोटिंग मारून घ्या" या सल्ल्याचा. अहो, मीठ धुतलं नाही, खालचा भाग सुकला नाही आणि त्यावर कोटिंग मारलं तर मीठ आत कोंडलं जातं आणि गंज झाकून वाढतो, वर पैसे आपलेच. काही मेकॅनिक अजून जळलेलं इंजिन ऑइल चॅसिसवर उडवतात, त्याने रबराची बुशं फुगतात आणि रस्त्यावरची सगळी धूळ चिकटते ती वेगळीच.

तेव्हा असे लेख छापताना सोबत चार ओळी याच्याही द्या, आणि वॉशिंग सेंटरवाल्यांनी बोर्डावर खालच्या धुलाईचा वेगळा रेट लिहावा, गाडीचा शौक असलेले लोक देतील. वाचकांनी जाण्याआधी फोन करून गाडी उचलायची लिफ्ट आहे का विचारावं, आणि गाडी वर चढली की मोबाइल खिशात ठेवून स्वतः बाजूला उभं राहून बघावं.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे