जुन्या अल्बममधले फोटो सोडवून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमचा जुना अल्बम तुम्ही हातात घेतलात त्याला बरेच दिवस झाले, पण आभार मानायचे राहिलेच होते. चिकट पानं आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक, असा तो अल्बम. डिंक पिवळा पडलेला, फोटो पानाला घट्ट धरलेले. तुम्ही मेण नसलेला डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, कोपऱ्यामागे सरकवलात आणि हलक्या हाताने करवतीसारखा पुढेमागे करत एकेक फोटो मोकळा केलात. आत्याच्या लहानपणीचा फोटो अर्ध्यावर अडला, तिथे मात्र थांबलात. "हा ओढायचा नाही. पानासकट स्कॅन करू आणि असाच ठेवू," म्हणालात. त्या थांबण्याबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. जरा जोर लावला असता तर आत्याचा चेहराच पानावर राहिला असता.

मोकळे झालेले फोटो नव्या स्क्रॅपबुकमध्ये लावायचे होते. त्यासाठी सजावटीचं सामान हवं तेवढं मिळतं, पण तुम्ही आधी कागद पाहायला लावलात: आम्लमुक्त आणि लिग्निन (कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक) नसलेला. फोटो ठेवायचे प्लॅस्टिकचे कप्पे पीव्हीसीचे असतील तर बाद, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे चालतील. वर्तमानपत्राचं कात्रण स्वतः पिवळं पडतंच, शिवाय शेजारच्या फोटोलाही डाग देतं, म्हणून पानावर त्याची आम्लमुक्त कागदावरची झेरॉक्स लावली. मुलांच्या स्केचपेनच्या चित्रांचा रंग उजेडाने उडतो. त्यांच्या प्रती भिंतीवर लावल्या आणि मूळ चित्रं खोक्यात ठेवली. लेकीचे पहिले बूट पानात मावणार नव्हते, त्यांचा फोटो लावला. आणि कुठेही गोंद नाही, सगळे फोटो कागदी कोपऱ्यांत बसवलेले. उद्या कुणाला काढून घ्यावेसे वाटले तर अलगद निघतील.

पण खरं काम तुम्ही आत्याला शेजारी बसवायला सांगितलंत तिथे झालं. एका ग्रुप फोटोत रांगेच्या टोकाला एक मुलगी अर्धीच दिसते. ती कोण, हे घरात फक्त आत्यालाच माहीत होतं. तिने नाव सांगितलं, आणि मग त्या मैत्रिणीने तिला पोहायला कसं शिकवलं तेही सांगितलं. इतक्या वर्षांत आम्हाला कुणालाच आत्याला पोहता येतं हे ठाऊक नव्हतं! तो मजकूर मी टाइप करणार होते. तुम्ही म्हणालात, त्यांच्याच अक्षरात राहू द्या. हात थरथरतो, ओळ खाली उतरली आहे. मला तेच पान सर्वांत प्रिय आहे. फोटोच्या पाठीवर मात्र बॉलपेन नको, दाब पुढे उमटतो, म्हणून मऊ पेन्सिलीने हळूच नावं लिहिली.

तुम्ही हे सगळं आपुलकीने, आपल्या घरचं असल्यासारखं केलंत. मनापासून आभार.

पुढच्या वेळी आजोबांची पत्रं आणते. घड्यांवर कागद विरला आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चिकटपट्टी लावलेली नाही.

आपली,
आत्याची भाची