पानिपतची नव्हे, कंपनीची

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आमची जुनी बंदूक तपासून दिलीत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

आमची ठासणीची बंदूक पानिपतावरून आलेली, असं आजोबांपासून सगळे सांगत आले. एका व्यापाऱ्याने तर तेवढ्यावर पेशवाईचा भाव लावला, वर दाखलाही मीच देतो म्हणाला! तुम्ही भावाचं नावही काढलं नाहीत. आधी नळीत लाकडी काठी सोडलीत, तोंडाशी खूण केलीत आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहिलीत. काठी थेट कान्यापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंत, पोचली, म्हणजे आत जुना बार अडकलेला नाही, हे कळल्यावरच पुढचं काम. मुलांनी बंदूक खांद्यावर घेऊन काढलेले फोटो आठवून आमच्या हिने कपाळाला हात लावला.

मग भिंग. घोड्याखालच्या पट्टीवर आम्हाला नुसता गंज दिसायचा. तुम्ही दिवा तिरपा धरलात आणि मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह उमटला. ईस्ट इंडिया कंपनीची ही खूण साधारण 1808 नंतरची. त्याआधी हृदयाच्या आकाराची असे. 1761 चा प्रश्न तिथेच मिटला. त्याच पट्टीवरची बुजवलेली भोकंही दाखवलीत. रंजकाची, म्हणजे ठिणगीने पेटणाऱ्या दारूची, वाटी काढून चकमकीची बंदूक पुढे केपाची, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीची, करून घेतलेली. नकली माल करणारा सिंह कोरतो, असली बुजवाबुजव सहसा करत बसत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला त्या भोकांचंच जास्त कौतुक वाटलं.

ती आमच्या घरात कशी आली, हे बंदुकीवरून कळणार नाही, असंही तुम्ही टिपणात स्पष्ट लिहिलंत. मला ती ओळ सगळ्यात आवडली. शिवाय शस्त्र कायद्याच्या 45व्या कलमातली सूट नुसत्या जुनेपणावर मिळत नाही, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्रालाच ती आहे, हे समजावलंत. त्यामुळे काकांचा परवाना नूतनीकरणाला टाकला आहे. आणि कुणी घासून खुणा घालवू नयेत म्हणून ब्रासोची बाटली लपवून ठेवली आहे.

आत्या अजून पानिपतच सांगते. तिला तुमचं टिपण वाचून दाखवलं, तर म्हणाली, “त्या सरांना इथं जेवायला बोलाव, मग बघते.” तेव्हा दिवाळीनंतर यायचंच. माळ्यावर बंदुकीच्या दारूचं शिंगही सापडलंय.

आपला,
बंदूकवाल्या वाड्यातला धाकटा