बिस्किटांचे सत्तावीस पुडे

ब्वेनोस आयरेस,
रविवार, मध्यरात्र

प्रिय बंड्या,

सात महिने उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, सोड.

ती गेली हे आईकडून कळलंच असेल. भांडण नाही, तंटा नाही. दोन बॅगा आणि एकेरी तिकीट. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो. रडू आलंच नाही. तू एकदा मला धोंडा म्हणाला होतास, तेच खरं वाटायला लागलं होतं.

काल मिलोंगाला गेलो होतो. म्हणजे टँगो नाचायची रात्र. दोन वर्षं जातोय. सांगितलं नाही कारण तुला माझं लेझीम आठवलं असतं. नाचून झाल्यावर कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसलो, तिथे गार्देल लागला, टँगोचा जुना गायक. गार्देलवर इथे सहसा कुणी नाचत नाही, तो बसून ऐकायचा. गाणं १९१७ चं, 'मि नोचे त्रिस्ते', म्हणजे माझी उदास रात्र. त्याआधी टँगोला शब्द असायचे ते बहुतेक टपोऱ्यांच्या फुशारक्यांचे. कोंतुर्सी नावाच्या गीतकाराने आयत्या चालीवर शब्द बसवले आणि त्याच टपोऱ्याला रडायला लावलं. सुरुवातीलाच 'अमुरास्ते' येतं, सोडून गेलीस. हा लुन्फार्दो, इथल्या वस्त्यांमधली बोली. क्लासात शिकवत नाहीत. बारवाल्याने अर्थ सांगितला.

गाण्यात बाई गेलीय. आरसा रडल्यासारखा धुरकट, गिटार कपाटात टांगलेली, दिवाही उजेड द्यायला तयार नाही. इथवर ठीक, हे तुझ्या गझलवाल्यांनाही जमतं. मग तो म्हणतो, मी अजून मातेबरोबर खायला बिस्किटं आणतो, तू होतीस तेव्हासारखीच. (माते म्हणजे इथला कडू चहा, नळीने ओढतात.)

बंड्या, माझ्या पिशवीत बिस्किटांचा पुडा होता. मी बिस्किटं खात नाही. चहात बुडवून ती खायची. घरी येऊन मोजले, सत्तावीस पुडे.

तो झोपताना दारही उघडं ठेवतो, ती आलीच तर म्हणून. मी नाही ठेवत. लॅपटॉप जाईल.

रडलो. भर बारमध्ये. मालकाने न बोलता पाणी आणून ठेवलं, रोजचंच असावं त्याला. पण तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: रडलो कुणासाठी? शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी बिस्किटांवर डोळे भरून येतात, आणि विमानतळावर ती वळून बघत होती तेव्हा मी ट्रॉलीचं अडकलेलं चाक सोडवत बसलो होतो. चाक सुटलं, बरं का.

मिलोंगा संपते ती 'ला कुम्पार्सिता' या चालीवर. तिलाही मागाहून शब्द चढवणाऱ्यांत हाच कोंतुर्सी. त्यात बाईच्या विरहाने कुत्रा जेवत नाही, आणि शेवटी याला एकटा बघून तोही निघून जातो! दोन वर्षं मी त्या चालीवर दात काढत नाचलोय.

हॉस्टेलची खोली आठवते? तू महिनाभर एकच कॅसेट लावायचास. मी रीळ ओढून खिडकीबाहेर टाकलं, वर तुला रडतराऊत नाव पाडलं. दादरचं लग्न मला माहीत होतं. माहीत असून टाकलं. नंतर पेन्सिलने गुंडाळायला मदत केली असं मी सगळ्यांना सांगत आलोय. केली नव्हती.

पिल्लू दहावीला ना? घराचं कर्ज मिटलं का? वहिनींना नमस्कार.

ती नाशकातच आहे, तुझ्यापासून दोन रिक्षा. जाऊ नकोस. गेलास तर पुड्यांचं बोलू नकोस.

आणि त्या कॅसेटवर काय होतं ते लिही. तेव्हा ऐकलंच नव्हतं.

तुझा,
धोंडा