पन्नास एमएम घेऊ का, विचारलंस त्याबद्दल

प्रिय नित्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. सेकंडहँड कॅमेरा घेतलास, कॅननचा २००डी, लेकीचे, सईचे फोटो काढायला लागलास, इतकं भारी वाटलं की लगेच फोन लावणार होतो, पण थांबलो, कारण फोनवर मी 'घे रे डोळे झाकून' एवढंच म्हणालो असतो आणि ते पूर्ण खरं नाही. आज सुट्टी आहे म्हणून नीट बसून लिहितोय. पत्र मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

तू विचारलंस की जो तो पन्नास एमएम एफ १.८ लेन्स घे म्हणतो, ती खरंच तेवढी चांगली आहे का नुसती स्वस्त आहे म्हणून लोक नाव घेतात. (निफ्टी फिफ्टी म्हणतात ती हीच, शेअर बाजारातली वेगळी.) माझ्याकडे ती चार वर्षं आहे, कॅननची एसटीएम (हे तिच्यातल्या फोकस मोटरचं नाव), २०१५ साली आलेलं मॉडेल. माझं मत विचारशील तर तिचं नाव झालंय ते बरोबरच झालंय, फक्त लोक ज्या गोष्टीसाठी कौतुक करतात ती माझ्या लेखी दुसऱ्या नंबरची. लोक म्हणतात मागचं सगळं ब्लर होतं, बोके, म्हणजे तो धूसरपणा, मस्त येतो. येतो, खोटं नाही. पण खरी कमाई उजेडाची आहे. आपल्या घरांतला उजेड आठव ना, संध्याकाळी सातनंतर एक ट्यूबलाइट, गावाकडच्या स्वयंपाकघरात कौलातल्या काचेतून येईल तेवढाच, देवळात एखादा बल्ब. आपली माणसं आयुष्यभर याच उजेडात वावरली आणि त्यांचे फोटो मात्र उन्हात डोळे बारीक करून अंगणात उभं करून काढलेले.

तुझ्या किट लेन्सचं, कॅमेऱ्यासोबत येते त्या १८-५५ चं, अॅपर्चर (उजेड आत येतो ते भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं) पूर्ण झूम केलं की ५.६ वर येतं. १.८ आणि ५.६ यांच्यात उजेडाचा फरक जवळजवळ दहापट आहे, कारण हे आकडे नुसते भागायचे नसतात, त्यांचा वर्ग करावा लागतो. म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला जिथे तुझं शटर १/२५ सेकंदावर अडकतं तिथे ही लेन्स १/२५० देते. १/२५ ला सई म्हणजे एक गुलाबी पट्टा दिसेल आणि १/२५० ला सई दिसेल.

पण इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. तुझ्या किट लेन्समध्ये आयएस आहे, हात हलला तरी चार स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं) सांभाळून घेते असं कंपनी सांगते, आणि पन्नासमध्ये आयएस अजिबात नाही. त्यामुळे जे हलत नाही, म्हणजे देवघरातली समई, फडताळ, झोपलेलं बाळ, ते तू किट लेन्सने श्वास रोखून १/८ ला सुद्धा काढू शकतोस आणि छान येईल. आयएस फक्त तुझ्या हाताचं हलणं थोपवते, समोरच्याचं नाही. म्हणजे पन्नासचा फायदा हलत्याबोलत्या माणसांना आहे. तुझ्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे त्यामुळे हा मुद्दा तुझ्या बाजूने जातो.

आता माझ्याकडून जे झालं ते सांगतो, कारण तू तेच करणार आहेस हे मला माहितेय. लेन्स घेतली त्या वर्षी कार्तिकी एकादशीला गावी गेलो. आमच्याकडे विठ्ठलाच्या देवळात रात्रभर भजन असतं आणि अण्णा अजून पखवाज वाजवतात, सत्तरी ओलांडली तरी. मी अगदी जवळ, पाच फुटांवर बसलो आणि पूर्ण वेळ अॅपर्चर १.८ वर ठेवून दीड-दोनशे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे एक नंबर दिसत होते. घरी येऊन लॅपटॉपवर मोठे करून बघितले तर पखवाजाची वादी न वादी मोजता येतेय, आणि अण्णांचे डोळे धुरकट. एकूण एक फोटोत तसंच नव्हतं, पण जे मला हवे होते त्यात तसंच होतं. अण्णांनी बघितले, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसून परत बघितले. ते मला फार लागलं रे.

चूक समजायला वेळ लागला. आपल्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पाच फुटांवरून एफ १.८ ला जेवढं शार्प येतं ती जाडी जेमतेम ६ सेंटिमीटर असते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत त्याहून जास्त अंतर आहे. आणि भजनात माणूस डोलतो, पुढेमागे होतो, पखवाज मांडीवर म्हणजे चेहऱ्याच्या आणखी पुढे, कॅमेऱ्याला जे जवळ दिसलं ते त्याने पकडलं. पुढच्या कार्तिकीला मी एफ २.५ वर ठेवलं, एकच फोकस पॉइंट डोळ्यावर, दीड फूट मागे सरकून बसलो. शटर १/१२५ मिळत होतं, तेवढं चेहऱ्याला पुरतं, थाप मारणारा हात थोडा हलतो, पण तो हललेलाच चांगला वाटतो. त्या रात्रीचा एक फोटो आता ओसरीवर लावलाय, डाव्या पुडीला लावलेली कणीक, त्यांच्या बोटांना लागलेला पांढरेपणा, आणि मान वर करून ते टाळकऱ्यांकडे बघतायत. हा फोटो किट लेन्सने आला नसता, आणि १.८ वर पण आला नसता.

म्हणून नित्या, या लेन्सचं नाव १.८ असलं तरी ती खरी फुलते २.५ किंवा २.८ च्या आसपास, आणि ४ ते ८ मध्ये तर चिरल्यासारखी शार्प. १.८ वर मधोमध बरी असते, कडा मऊ, कोपरे थोडे काळपट, आणि समोरून उजेड आला की सगळ्यावर पातळ दुधाची साय आल्यासारखं होतं. अजून एक, चमकत्या गोष्टींच्या कडेला रंग येतो, फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट. आपल्याकडे चमकतं काय काय आठव, स्टीलची भांडी, नथ, जरीचे काठ. वहिनींचा पैठणीतला फोटो काढशील तेव्हा हे आठवेल तुला. २.८ ला यातलं बरंचसं जातं. तरीही १.८ पाहिजेच, कारण २.८ ला चांगली असायला ती आधी १.८ ची असावी लागते, तुझी किट लेन्स ५० ला २.८ वर येऊच शकत नाही.

एवढ्या पैशात एवढी चांगली कशी काय, हे मला पण कोडं होतं, म्हणून खोलात गेलो आणि ते वाचायला मला फार मजा आली. हिच्या आत सहा काचा आहेत, पाच गटांत, सगळ्या साध्या गोल वक्राच्या, एकही महागडी अॅस्फेरिकल नाही. ही मांडणी डबल गाउस घराण्यातली, आणि त्या घराण्यातली नावाजलेली पहिली लेन्स म्हणजे झाइसच्या पॉल रुडॉल्फने १८९६ मध्ये केलेली प्लानार. मधे अॅपर्चर आणि दोन्ही बाजूंना साधारण आरशातल्यासारख्या काचा, त्यामुळे एका बाजूचे दोष दुसरी बाजू बऱ्यापैकी खोडून काढते. सव्वाशे वर्षं घासूनपुसून स्वच्छ झालेली युक्ती आहे ही. दुसरं कारण म्हणजे पन्नास हा आकडाच सोयीचा आहे. ईएफ माउंटमध्ये (कॅननची लेन्स बसते ते कडं) सेन्सर माउंटपासून ४४ एमएम मागे असतो, मधे आरसा हलायला जागा लागते ना, तर पन्नासची लेन्स तिथे सरळ बसते, पण २४ किंवा १८ ची करायची तर प्रतिमा मागे ढकलायला वेगळी उलटी रचना करावी लागते, काचा वाढतात, किंमत वाढते. आणि फिल्मच्या काळात कॅमेऱ्यासोबत पन्नासच यायची, कंपन्यांचा हात बसलेला. म्हणजे स्वस्त आहे ती काच हलक्या दर्जाची म्हणून नाही. पैसे वाचवलेत ते बाहेरच्या प्लास्टिकमध्ये, आयएस न देण्यात, हूड बरोबर न देण्यात. वजन फक्त १६० ग्रॅम, माउंट मात्र धातूचा.

आता तुझ्या घराचं बोलू, कारण सगळे जण इथेच फसतात. पन्नास ही 'नॉर्मल' लेन्स आहे, डोळ्याला दिसतं तसं दिसतं, हे फुल फ्रेमचं, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचं बोलणं. २००डी वर ती ८० सारखी वागते. तुझी डोंबिवलीची खोली दहा बाय बारा ना? साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभ्या फोटोत बसवायचा तर या लेन्सने तुला बारा-साडेबारा फूट मागे जावं लागेल, म्हणजे भिंतीत. सईचा चेहरा, सई जेवताना, आजीच्या मांडीवर सई, हे सुंदर येईल. सई आणि तिने खोलीभर मांडलेला भातुकलीचा पसारा, वाढदिवसाला केकभोवती सगळे, हे येणारच नाही. त्यासाठी किट लेन्स ठेव, विकू नकोस, तो जो कोणी तुला किट विकून टाक म्हणाला त्याचं ऐकू नकोस. कॅननचीच २४ एमएम एफ २.८ एसटीएम पण आहे, बिस्किटाएवढी चपटी, १२५ ग्रॅम, तिच्याने तोच माणूस सहा फुटांवरून मावतो. पण २.८ म्हणजे १.८ च्या निम्म्याहून कमी उजेड, आणि चेहरा जवळून काढला की नाक मोठं दिसतं. घरभर फिरायचं असेल तर ती, चेहऱ्यांसाठी पन्नास. मी दोन्ही वापरून बघितल्या, एकच ठेवायची झाली तर मी पन्नास ठेवेन, पण माझ्या घराला मोठी ओसरी आहे आणि तुझ्या घराला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे.

घेतलीस तर दोन-तीन गोष्टी लगेच कर. तुझ्या बॉडीत फोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय नाही, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून १.८ ला फोकस सारखा पुढे किंवा मागे पडतोय वाटलं तर लाइव्ह व्ह्यू लाव आणि स्क्रीनवर डोळ्याला बोट लाव, तिथे फोकस खुद्द सेन्सर करतो, अचूक बसतो. जुन्या चोकच्या ट्यूबखाली शटर १/१०० च्या वर नेऊ नकोस, आपली वीज पन्नास हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, शटर फार वेगाने गेलं तर एक फोटो पिवळट एक फोटो काळा असं होतं. आणि फोकस होताना पुढची नळी बाहेर येते, ती तशीच बाहेर असताना बॅगेत कोंबू नकोस, त्यावर दाब आला की मोटरला त्रास.

सेकंडहँड बघणार असशील तर ती १९९० वाली दुसरी आवृत्ती स्वस्त मिळेल, प्लास्टिक माउंटची, पण मी म्हणेन नको. तिच्यात अॅपर्चरची पाती पाचच, त्यामुळे थोडं अॅपर्चर कमी केलं की मागचे दिवे पंचकोनी दिसतात, एसटीएममध्ये सात आहेत. शिवाय मोटर घरघरते आणि ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही, एसटीएम ३५ पर्यंत येते. लेन्स कोणतीही घे, मोबाइलचा टॉर्च मागून आत मारून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तशीच परत दे. तुमच्याकडचा पावसाळा म्हणजे काचेचा शत्रू. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव, वहिनींकडून पापडाचा एखादा डबा मागून घे.

आणि पैसे भरायच्या आधी एक कर, फुकट आहे. तुझ्या १८-५५ ची झूम रिंग ५० वर आण आणि चिकटपट्टी लावून टाक. आठवडाभर तशीच वापर. उजेडाचं काही कळणार नाही, पण तुझ्या खोलीत पन्नास मावते का, तुला मागेपुढे सरकायचा कंटाळा येतो का, सईच्या मागे धावताना काय काय सुटतं, हे सगळं कळेल. चार दिवसांत पट्टी काढून टाकावीशी वाटली तर मला सांग, आपण २४ चा विचार करू. नाही वाटली तर लगेच घे, थांबू नकोस, सई या वयाची परत होणार नाहीये.

दिवाळीत येतोयस ना? बॉडी घेऊन ये, दोन दिवस माझी लेन्स लावून बघ, जमलं तर कार्तिकीपर्यंत राहा. अण्णा तुझी आठवण काढतात, परवाच विचारत होते, नित्या टाळ धरायचा तो आता धरतो का म्हणून. वहिनींना नमस्कार, सईला पापा.

तुझा,
पम्या