नाताळातली मुंबई: लेकीस पत्र

पुणे, २८ डिसेंबर

चि. सौ. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, पुढच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत माहेरी येशील तेव्हा लेकीला एका दिवसात मुंबई दाखवून आणणे जमेल का, की मुक्कामाचीच सोय पाहावी. आम्ही २४ तारखेला आजी, दादा, वहिनी आणि मुले असे सगळे जाऊन आलो आहोत आणि सारे अजून ताजे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एका दिवसात जमते. मात्र सगळी मुंबई दाखवायची असे ठरवून निघालात तर राणीच्या बागेपासून गेटवेपर्यंत नुसती धावपळ होते आणि मुले टॅक्सीतच झोपून जातात. नाताळ पाहायचा असे ठरवून निघालात तर दिवस पुरतो. आणि तो ज्यांच्या घरचा सण आहे त्यांच्या गल्लीत जाऊन पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉलमधली उंच झाडे, कापसाचा बर्फ आणि लाल टोपीतला सांताक्लॉज हे सगळे आता पुण्यातही हाकेच्या अंतरावर आहे आणि मुलांना ते आवडते, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तेवढेच पाहिले तर नाताळ म्हणजे दुकानातली सजावट, एवढीच समजूत मुलांच्या मनात पक्की होते. आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसांचा, कित्येक दिवस आधीपासून फराळाच्या तयारीत गुंतलेल्या घरांचा हा सण आहे, हे त्यांना लहानपणीच दिसावे असे मला फार मनापासून वाटते.

जाताना रेल्वेनेच जा. दादाचा विचार गाडी काढायचा होता, पण नाताळच्या आसपास द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात जी कोंडी होते ती तूही अनुभवली आहेस. सकाळचे दोन-तीन तास तिथे गेले तर एका दिवसाच्या सहलीला अर्थ उरत नाही. दख्खनची राणी सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली, आणि आजी लग्नानंतर पुण्याला आली ती याच गाडीने, त्यामुळे खानपानाच्या डब्यात चीज टोस्ट खाताना तिने मुलांना सांगितलेल्या गोष्टी मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकल्या. लोणावळा मागे पडले की मुलांना खिडकीपाशी बसव. बोरघाटातला हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यासाठी हजारो मजूर सह्याद्रीच्या कड्यांवर राबले आणि त्यांतले कितीतरी पटकीने आणि तापाने तिथेच गेले. काही ठिकाणी दर सदतीस फुटांमागे एक फूट इतका उतार आहे, म्हणून गाडी तिथे अगदी सावकाश, ब्रेक सांभाळत उतरते. धाकट्याने ‘उतारावर गाडी हळू का?’ असे विचारले तेव्हा दादाने त्याला वहीवर रेघ ओढून हा उतार समजावून दिला. अशा प्रश्नांना प्रवासातच वेळ मिळतो.

स्थानकाच्या इमारतीपुढे दहा मिनिटे उभे राहा, त्याहून अधिक नको. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही वास्तू १८८८ साली पुरी झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोने तिची जागतिक वारशात नोंद केली, हे मोठ्यांसाठी. मुलांना फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ दाखवावेत, आणि घुमटाच्या टोकावरची, एका हातात मशाल व दुसऱ्या हातात चाक घेतलेली स्त्रीची मूर्ती शोधायला सांगावी.

तिथून क्रॉफर्ड मार्केट चालत गाठता येते. आता त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे आपल्या मंडईला ज्यांचे नाव आहे त्यांचेच. ही इमारत १८६९ ची असून तिच्या दर्शनी भागावरची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची आहेत. शेतकरी, बैल, धान्य असे विषय त्यांत आहेत आणि मान वर करून कोणी पाहत नाही म्हणून ती दिसत नाहीत. डिसेंबरात या भागातल्या दुकानांतून कागदी आणि प्लॅस्टिकच्या चांदण्या, घंटा, ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात मांडायच्या मातीच्या मूर्ती, गाय-मेंढरे असे सामान भरलेले असते. आम्ही मुलांना एकेक चांदणी घेऊ दिली आणि बाकी काही घेतले नाही. गर्दी खूप असते. आजीला वहिनीने एका दुकानदाराच्या स्टुलावर बसवले आणि त्या भल्या माणसाने न मागता पाणी आणून दिले.

नंतर टॅक्सीने हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये गेलो. हे चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले. जुन्या किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे उघडत असे त्यावरून चर्चगेट हे नाव पडले. किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले, नाव मात्र राहिले. आत गारवा आणि शांतता आहे, भिंतींवर संगमरवरी स्मारके आहेत, आणि लहान मुलांना तिथे पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसवू नये. पुढे चर्चगेटहून लोकल धरून चर्नी रोडला उतरावे. सुट्टीच्या गर्दीतली लोकल मुलांना झेपणार नाही अशी तुला भीती वाटेल, पण चर्चगेटला गाडी रिकामी मिळते आणि मरीन लाइन्सनंतरचेच स्थानक चर्नी रोड, त्यामुळे बसायला जागा मिळून समुद्रही दिसतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या खोताच्या वाडीबद्दल. आजीचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले हे तुला ठाऊक आहेच. तिथून ही वाडी जवळ. लग्नानंतर ती नाताळच्या दिवसांत तिकडे गेलीच नव्हती आणि या वर्षी तिनेच होऊन तशी इच्छा बोलून दाखवली. खोत नावाच्या पाठारे प्रभू कुटुंबाच्या जमिनीवर ही वस्ती उभी राहिली आणि तिथे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरे बांधली. मुंबई, साष्टी आणि वसईचे हे मूळ रहिवासी, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले; घरात मराठीच बोलत आले आहेत. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतले. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून यांच्याविषयी फारसे काही येत नाही, याचे मला वाईट वाटते. ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत १६१६ सालीच, म्हणजे तुकोबा लहान असतानाच्या काळात, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात छापून प्रसिद्ध केली होती. मग हा सण आपल्या भाषेला परका कसा म्हणायचा?

वाडीत पूर्वी साठ-पासष्ट जुनी घरे होती, आता त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत आणि आजूबाजूला उंच इमारती आल्या आहेत. जी आहेत ती पाहण्यासारखी आहेत: बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, नक्षीच्या कठड्याचा सज्जा, पुढे ओटी, आणि दारावर टांगलेली चांदणी. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंच्या माळा डोक्यावर एकमेकींत अडकलेल्या. आजी एका घरापुढे थांबली, कारण ओटीवर एक बाई कुलकुल करत बसल्या होत्या. मैद्याच्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पुढे सारायची, म्हणजे ती रेघा उमटून शंखासारखी वळते. मग तळून साखरेच्या पाकात घोळवायची. आजीने ‘आता करायला उशीर नाही का झाला?’ असे मराठीत विचारताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘आधीच्या नातवंडांनी संपवल्या, म्हणून पुन्हा.’ पुढची पाऊण घटका दोघी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, सारणात खसखस घालावी की नाही यावर बोलत होत्या, आणि आपली मुले हात धुऊन कुलकुल वळायला बसली होती. थोरलीच्या गोळ्या काट्याला चिकटत होत्या, तेव्हा त्या बाईंनी तिच्या अंगठ्याला तुपाचे बोट लावून दिले.

दारातच गोठा मांडला होता. गवताच्या जागी गव्हाची हिरवी रोपे होती, मातीच्या ताटलीत आठवड्यापूर्वी पेरून उगवलेली. आजीला ते नवरात्रातल्या घटासारखे वाटले आणि तिने तसे सांगितलेही. मारिया होती, योसेफ होता, मेंढपाळ आणि गाय होती, पण मधली गव्हाण रिकामी होती. धाकट्याला वाटले की बाळाची मूर्ती हरवली. त्या बाईंनी त्याला सांगितले की, बाळ अजून जन्माला यायचे आहे. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, घरी आलो की घरातला सर्वांत लहान मुलगा मूर्ती गव्हाणीत ठेवतो. ती मूर्ती कपाटात कापसात गुंडाळलेली होती, तीही त्यांनी काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, पुण्यात उठल्याबरोबर धाकट्याने ‘आता बाळ ठेवले असेल ना?’ हेच पहिल्यांदा विचारले. २४ तारखेलाच जावे असे मी म्हणतो ते यासाठी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ही राहती घरे आहेत. हल्ली पुष्कळ लोक तिथे येऊन परवानगी न घेता जिन्यांवर बसतात, खिडक्यांतून आत कॅमेरे धरतात, आणि त्याचा तिथल्या माणसांना त्रास होतो. विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये, मोठ्याने बोलू नये, कोणी बोलायला उत्सुक नसेल तर नमस्कार करून पुढे जावे. आम्हाला बोलावले गेले ते आजीमुळे, हे लक्षात ठेव. प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही, आणि नुसते वाडीतून सावकाश चालत जाणेही पुरेसे आहे.

जेवण आम्ही वाडीत जाण्याआधीच गिरगावातल्या एका साध्या खानावळीत उरकले होते. चारच्या सुमारास टॅक्सी धरली आणि पाच दहाच्या दख्खनच्या राणीने परत निघालो. वहिनीची इच्छा अंधार पडेपर्यंत थांबून दिव्यांची रोषणाई पाहण्याची होती, आणि दादरहून शिवनेरी बसने रात्री येता आले असते हेही खरे. परंतु दिवसभर चाललेली आजी आणि पेंगुळलेली मुले घेऊन घाटाच्या कोंडीत अडकणे मला पटले नाही. रोषणाईसाठी पुण्यातला आपला लष्कर भाग, म्हणजे कॅम्प, आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही महात्मा गांधी रस्ता आणि क्वार्टर गेटच्या बाजूला जाऊन आलो. तिथल्या चर्चमध्येही गोठा होता आणि गव्हाणीत बाळ ठेवलेले होते. परतीच्या वाटेवर कर्जतला घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडतात, तेव्हा गरम बटाटेवडे येतात. मुले झोपली असली तरी त्यांना उठवून ते द्यावेत, नाहीतर पुण्यापर्यंत रुसवा सहन करावा लागतो.

तुझ्या लेकीसाठी पायात सवयीचे बूट, एक हलके जाकीट आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. पुण्यात पहाटे थंडी असते, मुंबईत अकरानंतर ऊन लागते. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे २४ डिसेंबरच्या गाडीसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा तुमच्या तारखा दसऱ्यापर्यंत नक्की कळव. आजीने त्या बाईंना पुढच्या वर्षी फराळाचा डबा घेऊन येण्याचे कबूल केले आहे. चकल्या ती स्वतः करणार आहे; अनारसे मात्र तुझ्याच हातचे हवेत असे तिने तुला कळवायला सांगितले आहे.

जावईबापूंना आशीर्वाद, छोटीला गोड पापा.

तुझे
बाबा