विषय: आपल्या फाइल-यादी टूलचं दस्तऐवजीकरण आणि १४ तारखेचा फोन

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

क्लाउड स्टोरेज म्हणजे काय, बकेट म्हणजे काय हे तुम्हाला समजावत बसत नाही. माल तुमचा आहे. ए.आय. एजंटसाठी, म्हणजे सांगितलेलं काम टूल वापरून आपणच करणाऱ्या प्रोग्रामसाठी, दिलेलं फाइल-यादी टूलही तुमचंच आहे.

मी जुनी मराठी नियतकालिकं स्कॅन करून देतो. एका वाचनालयाचे ३,४१२ अंक, प्रत्येकाची एक पीडीएफ, तुमच्या बकेटमध्ये, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या भाड्याच्या कप्प्यात, आहेत. नोंदवहीशी ताळा घ्यायचं काम मी एजंटला दिलं. त्याने तुमचं टूल वापरलं आणि कळवलं: संग्रहात १,००० फाइल्स आहेत, उरलेले २,४१२ अंक स्कॅन झालेले नाहीत.

तुमचं टूल एका वेळी हजारच नावं देतं, तीही बाइटच्या, म्हणजे अक्षरांमागच्या संगणकी आकड्यांच्या, क्रमाने. आमची नावं देवनागरीत असल्यामुळे यादी 'अ'पासून निघाली आणि 'किर्लोस्कर'च्या १९३८ सालात थांबली. पुढचं सगळं गायब. १८८१ सालचा 'केसरी' नाही, दिवाळी अंकांची प्रथा १९०९ मध्ये ज्याने पाडली तो 'मनोरंजन' नाही. तुमच्या हिशेबाने महाराष्ट्रात 'कि'च्या पुढे कोणी काही छापलंच नाही. बरोब्बर हजार हा आकडा बघून माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, हे कबूल. नाही चुकचुकली.

आम्ही अंक पुन्हा स्कॅन करायला घेतले. १८६ झाल्यावर आमची एक मुलगी म्हणाली, "दादा, हा मीच केलाय मागे. ही चिकटपट्टी माझीच आहे." तोवर दोन बांधीव खंडांचे कणे मोडले होते. ८० वर्षांचा कागद दुसऱ्यांदा काचेवर दाबला की भाकरीच्या पापुद्र्यासारखा तुटतो. तो तुमच्या कोणत्याही सर्व्हरवरून परत मिळत नाही. नव्या फाइल्स जुन्याच नावांवर चढल्या. व्हर्जनिंग, म्हणजे जुनी आवृत्ती जपून ठेवायची सोय, चालू होतं म्हणून आधीच्या वाचल्या. आता दोन्ही आवृत्त्या साठवल्याचं बिल तुम्ही मलाच लावलं आहे. शाब्बास.

आता १४ तारखेचा फोन. हा तिसरा. ४० मिनिटं सनई ऐकल्यावर तुमचा प्रतिनिधी आला.

"सर, हजार फाइल्स आल्या ना? म्हणजे टूल चालतंय."
"बाकीच्या २,४१२?"
"त्या तुमच्या एजंटने मागितल्या नाहीत, सर."
"मागायच्या असतात हे त्याला कुठून कळणार?"
"डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं आहे."
"मग वाचून दाखवा."

कळफलकाचा आवाज. मग त्याने वाचलं: "बकेटमधल्या फाइल्सची यादी देते."
मी म्हटलं, "पुढे?"
"पुढे काही नाही, सर."
"टोकन नावाचा एक रकाना आहे, त्याच्यासमोर काय लिहिलंय?"
"टोकन."
"हो, टोकनसमोर काय लिहिलंय?"
"टोकनसमोर टोकन लिहिलंय, सर."

हे तो न हसता म्हणाला. मीही हसलो नाही. थोडं थांबून तो म्हणाला, "एवढं तर ए.आय.ला समजायला हवं ना, सर." आणि वर विचारलं, या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल? मी गुण दिले नाहीत. संध्याकाळी माझ्या तक्रारीचं तिकीट बंद झालं. शेरा: 'ग्राहकाचे समाधान झाले.'

एजंट टूलचं वर्णन वाचतो आणि तेवढ्यावरच वागतो. माणूस निदान शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला शेजार नसतो. त्याच्यासाठी ते वर्णन हेच टूल, आणि तुम्ही तिथे एक ओळ लिहिली आहे. टोकनसमोर टोकन! उत्तराच्या तळाशी तुम्ही पुढच्या पानाचं टोकन पाठवता, पण ते परत पाठवून पुढची हजार नावं घ्यायची आणि टोकन येणं थांबेपर्यंत घेत राहायची, हे कुठेही सांगत नाही. आमचा किराणावाला खात्याचं पान भरलं की खाली 'मागे पाहा' लिहितो. तो कुठल्या तंत्रज्ञान परिषदेला गेलेला नाही.

एका पानावर जास्तीत जास्त किती नावं येतात, पुढचं पान कसं मागायचं, यादी अर्धवट आहे हे कशावरून ओळखायचं, हे वर्णनात लिहा. फोल्डर ही तुमच्याकडे खरी वस्तू नसून नावाचा सुरुवातीचा भाग असतो, तेही लिहा. आणि 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो, एका चिन्हाने किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून. डोळ्याला सारखाच दिसतो, पण तुमचं टूल बाइट जुळवतं. त्यामुळे 'वाऱ्या'ने सुरू होणाऱ्या फाइल्स मागितल्या तर अर्ध्या येतात, अर्ध्या येत नाहीत. ही चार-पाच वाक्यं लिहायला कुणाला तरी एक दुपार लागेल. आम्हाला ११ दिवस लागले.

जादा साठवणुकीचं बिल रद्द करा, १८६ अंकांच्या मजुरीची भरपाई द्या आणि वर्णन दुरुस्त केल्याचं लेखी कळवा. मुदत १५ दिवस. नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी व्यावसायिक आहे म्हणून ग्राहक नाही, असं तुमचे वकील म्हणतील. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला अपवाद आहे, तो त्यांनी आधी वाचावा. वाचनाची सवय तुमच्याकडे कमी दिसते म्हणून सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी त्या वाचनालयाला तुमचं नाव मीच सुचवलं होतं. त्यांच्या ग्रंथपालबाईंना ते मोडलेले खंड दाखवायलाही मीच गेलो. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या सुटी पानं जुळवत बसल्या.

सोबत १४ पानं जोडली आहेत. प्रत्येक पानाखाली 'मागे पाहा' लिहिलं आहे.

आपला (अजून तरी) ग्राहक