वादळाच्या फोटोखाली गाव, तारीख आणि वेळ छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

वादळ होऊन गेलं की एक-दोन दिवसांनी आपल्या पेपरात वाचकांचे फोटो येतात आणि आमच्याकडे पारावर पेपर आला की आधी तेच पान उघडलं जातं. आडव्या झालेल्या केळीच्या बागा, गोठ्याचे उडालेले पत्रे, रस्त्यावर पडलेला निंब, वाकलेले विजेचे खांब. फोटो चांगले असतात, काही तर फारच चांगले, पण खाली ओळ काय असते तर 'तालुक्याला वादळाचा तडाखा', बस. कुठल्या गावचा, कुठल्या शिवारातला, किती वाजताचा, कोणी काढला, काहीच नाही. माझी एकच विनंती आहे की वादळाच्या प्रत्येक फोटोखाली गाव, तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव छापा, आणि ज्या फोटोची ही माहिती मिळत नाही तो कितीही भारी असला तरी छापू नका.

हे का म्हणतोय ते सांगतो. आता घरोघरी चांगला कॅमेरावाला फोन आहे, कॉलेजची पोरं, दूधवाले भाऊ, मजुरीला जाणाऱ्या बाया, सगळेच फोटो काढतात. सातपुड्याकडून काळं भरून आलं की वारं सुटायच्या आधीच गावाच्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. आणि त्यातच कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला जुना फोटो येऊन पडतो, खाली लिहिलेलं असतं 'आत्ताच आपल्याकडे, काळजी घ्या'. आता तर एआयने बनवलेले फोटो पण येतात, नारळाएवढी गार, आभाळभर एकाच वेळी दहा विजा. पुण्या-सुरतला गेलेली पोरं घाबरून घरी फोन करतात आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेलेली, टॉवर बंद, फोन काही लागत नाही, विचार करा काय होत असेल त्यांचं. त्याहून वाईट म्हणजे खोट्यांच्या गर्दीत खरा फोटो पण बदनाम होतो. ज्याची बाग खरंच झोपली त्यालाच विचारलं जातं, हा तुमच्याच शेतातला कशावरून?

केळीवाल्याला हा प्रश्न फार लागतो हो. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर ह्या पट्ट्यात मे-जूनचं वावधन, म्हणजे वादळी वारं, काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. वर्षभर ठिबकवर जपलेली बाग, घड कापणीला आलेले, झाडाचा सगळा भार वर, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं जमिनीवर. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, देशभर नाव झालं, पण वाऱ्यापुढे केळीचं खोड म्हणजे शेवटी पानांच्याच गुंडाळलेल्या थरांचं, आत लाकूड नाहीच.

आणि हा वारा सगळीकडे सारखा नसतो. एका बाजूची बाग सपाट आणि रस्त्याच्या पलीकडची जशीच्या तशी उभी, हे आम्ही दरवर्षी बघतो. त्याचं कारण पण आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खालची हवा तापलेली आणि कोरडी, वरून पाऊस पडायला लागला की थेंब वाटेतच सुकतात, त्याने तिथली हवा थंड आणि जड होते आणि एकदम खाली कोसळते, जमिनीला आपटली की उपड्या केलेल्या घागरीतल्या पाण्यासारखी चारी बाजूंना पसरते. जिथे ती आपटते तिथे नुकसान, दोन-तीन किलोमीटरवर कधी कधी नुसता धुराळा. महावेध ह्या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळाला एक अशी आहेत आणि एका मंडळात बरीच गावं येतात. वारं गावाच्या एका कडेने निघून गेलं तर लांबच्या केंद्रावर ते तेवढं दिसेलच असं नाही. अशा वेळी शेतात उभा असलेल्या माणसाचा फोटो हीच त्या वाऱ्याची नोंद असते, आणि म्हणूनच त्याखाली जागा आणि वेळ पाहिजे.

आमच्या शेजारच्या मळ्यातली एक मुलगी आहे, बारावीला. गेल्या मोसमात वादळ थांबल्यावर तिने जे फोटो काढले तसे मी आजवर पेपरात पण पाहिले नाहीत. पहिला फोटो बांधावरून, त्यात त्यांची विहीर आणि मागे विजेची डीपी दोन्ही दिसतात, म्हणजे जागा कुठली यावर वादच नको. मग बागेची ओळ, सगळी झाडं एकाच दिशेला पडलेली, आणि लगेच पुढचा फोटो दुसऱ्या फोनच्या स्क्रीनचा, त्यावर होकायंत्र उघडलेलं, झाडं कुठल्या दिशेला पडली ते दाखवायला. मग एक मोडलेलं खोड जवळून, आतला पांढरा ओला भाग दिसतोय, म्हणजे मोड ताजी आहे. आणि शेवटी गार, पण हातावर घेतलेली नाही, पायरीवर ठेवून शेजारी काडेपेटी ठेवलेली. तळहात लहान-मोठा असतो, काडेपेटी सगळ्यांना माहीत आहे. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. हे फोटो तिच्या नावासकट छापले गेले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, आणि अशी पोरं-पोरी गावोगाव आहेत.

नव्या फोनचं एक मात्र लक्षात ठेवायला पाहिजे. ऑटोवर ठेवला की तो अंधार स्वतःच उजळतो. दुपारी चारला दिवे लावावे लागतील असं काळं आभाळ आणि फोटोत बघावं तर साधं ढगाळ. स्क्रीनवर ढगाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवायचं आणि बाजूला जी सूर्याची खूण येते ती खाली ओढायची, मग ढगाचा खरा रंग येतो. फिल्टर लावून काळं करायचं नाही, ते खोटंच झालं. विजेचा फोटो पाहिजे असेल तर बटणाच्या मागे लागू नये, घरात बसून बंद खिडकीतून व्हिडिओ चालू ठेवावा आणि नंतर त्यातून वीज असलेली फ्रेम काढून घ्यावी, तोच सोपा मार्ग.

फोटो पाठवताना तर निम्मं काम बिघडतं. फोनने फोटो काढला की त्या फाईलमध्ये तारीख-वेळ आपोआप जाते, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जागा पण जाते, त्याला नेट लागत नाही, टॉवर बंद असला तरी जीपीएस चालतं. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला की तो बारीक होतो आणि ही आतली माहिती निघून जाते. स्क्रीनशॉट काढला तर त्याला स्क्रीनशॉटची वेळ लागते. म्हणून पाठवायचा तर डॉक्युमेंट करून पाठवा, आणि मूळ फाईल फोनमधून डिलीट करू नका, निदान पंचनामा आणि विम्याचं काम मार्गी लागेपर्यंत तरी. फोटोवरच तारीख आणि नकाशा छापणारी ॲप्स हल्ली सगळे वापरतात, ती चांगली आहेत, पण त्यावरची जागा बदलता येते हे पण लोकांना कळलंय, म्हणून मूळ फाईल लागतेच. फळपीक विम्यात नुकसान कळवायला ७२ तास मिळतात, त्यात लाईट नाही, चार्जिंग नाही, म्हणून वादळाच्या दिवसात पॉवर बँक भरून ठेवलेली बरी. आणि ४४-४५ डिग्रीत फोन उन्हात राहिला की गरम होऊन कॅमेराच उघडत नाही, तो सावलीत ठेवा.

हे सगळं लिहिताना एक भीती आहे ती पण सांगतो. पेपरात फोटो येतो म्हणून पोरं गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढतात. ११ जुलै २०२१ ला जयपूरजवळ आमेरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडून ११ माणसं गेली, त्यातले बरेच जण पावसात सेल्फी काढायला वर गेले होते. मोबाईल विजेला ओढतो हे खरं नाही, पण उघड्यावर उंच उभा असलेला माणूस धोक्यात असतो हे पूर्ण खरं आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, ३० सेकंदांच्या आत आवाज आला की फोटो बंद, पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत जायचं, निंबाखाली किंवा शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. चार्जिंगला लावलेला फोन हातात धरायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या आजूबाजूला २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं, फुकट आहे, मराठीत पण आहे, घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असायला पाहिजे.

म्हणून विनंतीत अजून एक ओळ जोडतो. वादळ चालू असताना उघड्यावर उभं राहून काढलेला फोटो पण छापू नका, तो दिसला की दुसऱ्या दिवशी दहा पोरं तेच करणार. वादळानंतरचे फोटो मागवा, घरातून काढलेले मागवा.

आणि हे फक्त केळीपुरतं नाही. तिकडे नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या उघड्यावर वाळत घातलेल्या असतात, हिवाळ्यात अवकाळी आला की लाल मिरची काळी पडते, शहाद्याकडे पपई, शिरपूर-साक्रीकडे कांदा आणि कापूस. तिथल्या लोकांचे फोटो पण गाव-तारखेसकट येऊ द्या. आपल्या पेपरने पावसाळ्याआधी एक चौकट छापावी, फोटो कसा काढायचा, मूळ फाईल कोणत्या पत्त्यावर पाठवायची, सोबत काय लिहायचं. शेताचा गट नंबर जाहीर छापायची गरज नाही, तो तुमच्याकडे राहू द्या, गाव पुरे. आमच्या भागातल्या फोटोंसाठी गावं आणि शिवारं ओळखायला मदत लागली तर मी आणि आमच्या गावातले दोन-तीन मास्तर बसायला तयार आहोत, पत्रासोबत माझा नंबर दिलेला आहे, तो कृपया छापू नये.

आपला नियमित वाचक,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव